ध्वनिमुद्रिकेपासून अंकीय तबकडीपर्यंत : सातारा-सांगली परिसरातील संगीतवारसा, ध्वनिस्वरूपे आणि ध्वनिगुणवत्ता

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि वास्तू यांना आपण अग्रस्थान देतो. गेल्या सव्वाशे वर्षांत या साधनांच्या मालिकेत मुद्रित ध्वनीची भर पडली आहे. गायकाचा आवाज, शाहिराची फेक, कीर्तनकाराची शैली, वाद्याचा नाद या गोष्टी लिखित वर्णनातून पूर्णपणे कळत नाहीत. त्या ऐकाव्याच लागतात. म्हणून संगीत, नाट्य आणि लोककला यांच्या इतिहासात ध्वनिमुद्रणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. तथापि, बखरीच्या नकलेची चिकित्सा जितक्या काटेकोरपणे केली जाते, तितक्या काटेकोरपणे ध्वनिमुद्रणाच्या नकलेची चिकित्सा होताना दिसत नाही. नक्कल कोणत्या प्रतीवरून झाली, नकलाकाराने काय गाळले, काय 'दुरुस्त' केले, हे प्रश्न ध्वनीच्या बाबतीतही तितकेच उचित आहेत.

इ. स. २००० नंतरच्या दशकात घरोघरी आणि महाविद्यालयांमध्ये संगणक व सीडी रायटर आले. जुन्या तबकड्या आणि कॅसेटी सीडीवर 'उतरवून घेण्याचे' काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. या कामामुळे बरेचसे संगीत वाचले, यात शंका नाही. मात्र त्याच कामात पुष्कळसा ध्वनी कायमचा गमावलाही गेला. आणि ही हानी कानाला सहजासहजी जाणवत नसल्याने तिची नोंदही राहिली नाही. प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सातारा-सांगली परिसरातील संगीतपरंपरेचा ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने परिचय करून देणे, (२) तबकडी, ध्वनिफीत, सीडी आणि एमपीथ्री या माध्यमांच्या मर्यादांचा ऐतिहासिक क्रमाने विचार करणे, (३) सीडी तयार करताना ध्वनिगुणवत्ता कोठे व कशी घटते हे स्पष्ट करणे, (४) महाविद्यालयीन स्तरावर जतनाच्या दृष्टीने काय करता येईल हे सुचविणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तांत्रिक बाबींचे विवेचन संगीत व इतिहासाच्या अध्यापकांना उपयोगी पडेल इतपतच मर्यादित ठेवले आहे.

१. परिसराची सांगीतिक पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली यांचा एकत्रित विचार करण्यामागे प्रशासकीय इतिहासाचे कारण आहे. १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर 'दक्षिण सातारा' हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नामकरण 'सांगली' असे झाले. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात दरबारी आश्रय, नाटक मंडळ्या, वारकरी भजन आणि तमाशाचे फड हे चारही प्रवाह शेजारी शेजारी नांदले.

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. सांगलीजवळचे हरिपूर ही 'संगीत शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल यांची जन्मभूमी. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे गायनशिक्षण मिरजेत पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे झाले. बालगंधर्वांचा जन्म १८८८ मध्ये झाला. नागठाणे हे त्यांचे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेला वास्तव्य केले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मिरजेतील दर्ग्याच्या परिसरातच त्यांचे दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी संगीत सभा होते. हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच (१९०५).

लोककलेच्या बाजूने पाहता, पठ्ठे बापूराव हे रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. लावणीगायिका यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीला एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा असून २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाल्याने या परिसरातील गायक-वादकांना आपला आवाज दूरवर पोहोचविण्याचे साधन मिळाले.

सारांश, ज्या परिसरात खयाल, नाट्यपद, अभंग, लावणी व पोवाडा यांचा ध्वनी इतक्या विविधतेने निर्माण झाला, त्या परिसराच्या ध्वनीचे जतन हा केवळ हौशी संग्राहकांचा विषय राहत नाही.

२. ध्वनीला अंकांत मांडण्याचा सांगलीतील पूर्वप्रयत्न

अंकीय ध्वनी म्हणजे ध्वनीचे संख्यांमध्ये केलेले रूपांतर. ही कल्पना संगणकाबरोबर आली असे मानले जाते. तथापि नादाचे मोजमाप करून तो संख्यांत मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभीच या परिसराशी निगडित होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदुस्थानी स्वरसप्तक व बावीस श्रुती यांवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी सेवेतील अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी १९१३ मध्ये भारतीय संगीताच्या अभ्यासावर ग्रंथ लिहिला. या दोघांना श्रुतींच्या निश्चितीच्या कामी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य झाले. त्यातून श्रुती-हार्मोनियमची निर्मिती झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींच्या प्रश्नावर बरीच चर्चा झाली.

देवल-क्लेमेंट्स यांच्या निष्कर्षांविषयी विद्वानांत मतभेद झाले, आणि ते स्वाभाविकही होते. येथे महत्त्वाचा आहे तो त्यांच्यासमोरचा मूळ प्रश्न : सलग वाहणारा, मींडेने जोडलेला स्वर तुटक संख्यांमध्ये मांडला तर त्यातील काय टिकते आणि काय सुटते? सात दशकांनंतर ध्वनितंत्रज्ञांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला.

३. तबकडी, आकाशवाणी आणि ध्वनिफीत

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्ता येथे भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली. तेव्हापासून सुमारे १९२५ पर्यंतची मुद्रणे विद्युत्-साहाय्याविना, कर्ण्यासमोर गाऊन केली जात. या पद्धतीत साधारणतः २५० ते २५०० हर्ट्झ या दरम्यानचाच ध्वनी समाधानकारकपणे उमटे. तंबोऱ्याचा नाद, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा, टाळेचा झणत्कार हे बहुतांशी बाहेरच राहत. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असल्याने खयालाचा विस्तारही त्या चौकटीत बसवावा लागे. मायक्रोफोनच्या आगमनानंतर परिस्थिती पालटली. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० नंतरच्या तबकड्यांतील, विशेषतः झिंझोटी व भैरवीतील ठुमऱ्यांतील, स्वराची आर्तता आजही पोहोचते याचे काही श्रेय विद्युत् मुद्रणपद्धतीला द्यावे लागेल.

या तबकड्यांच्या संदर्भात वेगाचा प्रश्न विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांना '७८ फेऱ्यांच्या' तबकड्या म्हटले जात असले, तरी आरंभीच्या काळात मुद्रणाचा वेग एकसारखा नव्हता. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजविल्यास स्वर जवळजवळ अर्धस्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकमध्ये गात असल्याचा भास होतो, लय वाढते आणि आवाजाचा पोतही बदलतो. रूपांतर करताना या वेगाची शहानिशा झाली नाही, तर गायकाच्या पट्टीविषयीची चुकीची माहिती सीडीबरोबर पुढे जाते.

आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरील प्रसारणात सुमारे पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच ध्वनी श्रोत्यापर्यंत पोहोचतो. केंद्रावर चुंबकीय फितीवर झालेले मुद्रण याहून कितीतरी सरस असे. म्हणजेच कार्यक्रमाची मूळ फीत आणि श्रोत्याने घरी रेडिओवरून करून घेतलेली कॅसेट यांत गुणवत्तेचे मोठे अंतर असते. दोहोंवर एकाच कार्यक्रमाचे नाव लिहिलेले असले, तरी संशोधकाने त्यांना समान दर्जाची साधने मानू नये.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॉम्पॅक्ट कॅसेट भारतात १९८० च्या दशकात सर्वदूर पोहोचली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेट-संस्कृतीचे जे विवेचन केले आहे, त्याचे अनेक विशेष महाराष्ट्रातही दिसून येतात. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे लक्ष दिले नव्हते असे भजनी मंडळांचे, शाहिरांचे व तमाशा फडांचे आवाज कॅसेटमुळे मुद्रित झाले. कीर्तने, व्याख्याने, जत्रेतील कलगी-तुऱ्याचे सामने लोक स्वतःच मुद्रित करू लागले. त्यामुळे सातारा-सांगलीच्या लोककलेचा एक मोठा ठेवा व्यापारी तबकड्यांपेक्षा घरगुती कॅसेटींमध्ये आहे, असे मानण्यास जागा आहे.

कॅसेटच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. तिची फीत चार मिलिमीटरहूनही कमी रुंदीची असून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या मंद गतीने धावते. फितीची सरसर आवाजात मिसळते आणि सामान्य फितीवर दहा-बारा किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी क्षीण होतो. घरगुती यंत्राचा वेग शेकडा दोन-तीनने कमीजास्त असणे असामान्य नव्हते. शेकडा तीन फरकाने स्वर सुमारे अर्ध्या अर्धस्वराने सरकतो. देवलांच्या परिभाषेत मांडायचे तर ८१/८० ही प्रमाणश्रुती म्हणजे वेगातील अवघा सव्वा टक्का फरक. वेग स्थिर असेल तर सर्व स्वर सारखेच सरकतात आणि स्वरांतरे कायम राहतात. परंतु वेग हेलकावत असेल तर श्रुतींविषयीचा कोणताही निष्कर्ष अशा मुद्रणावरून काढणे धोक्याचे ठरते.

४. कॉम्पॅक्ट डिस्क : अंकीय ध्वनीचे पहिले लोकमाध्यम

१९८२ मध्ये सोनी व फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात प्रत्येक सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदविला जातो. ४४,१०० हा आकडा यादृच्छिक नाही. त्या काळी अंकीय ध्वनी व्हिडिओ फितीवर साठविला जाई. दर ओळीत ३ नमुने, २४५ ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे यांचा गुणाकार ४४,१०० येतो. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी यथातथ्य परत मिळविता येतो, या सिद्धांतानुसार सीडी सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी सामावून घेते. मानवी श्रवणाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असल्याने ही क्षमता पुरेशी ठरते. अगदी हळू व अगदी मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल राखता येते; सामान्य कॅसेटवर ते जेमतेम ५० ते ५५ डेसिबल असते.

पायऱ्यांमध्ये तुटलेला ध्वनी मींड कशी दाखवील, असा एक आक्षेप संगीतप्रेमी मंडळींकडून घेतला जातो. त्यामागे गैरसमज आहे. पुनर्निर्मितीच्या वेळी नमुन्यांमधून सलग लहरच तयार होते; पायऱ्यांचा परिणाम केवळ अत्यंत क्षीण पार्श्वध्वनीच्या रूपाने राहतो. त्यामुळे मींड, आंदोलन व श्रुती यांना सीडीमुळे बाधा येत नाही. बाधा येते ती पुढील टप्प्यावर.

५. एमपीथ्री : सोयीचे गणित आणि त्याचे मूल्य

सीडीवरील ध्वनीला सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात, म्हणजे एका मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट. १९९० च्या दशकातील संगणकांना आणि दूरध्वनीच्या तारेवरील इंटरनेटला हा भार पेलणारा नव्हता. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या पुढाकाराने विकसित झालेली संक्षेपणपद्धती १९९० च्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाली आणि १९९५ पासून ती 'एमपीथ्री' या नावाने ओळखली जाऊ लागली. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रचलित दराने ती मूळ माहितीचा सुमारे अकरावा हिस्सा राखते.

उरलेले दहा हिस्से कसे गाळले जातात? मोठ्या आवाजाच्या सान्निध्यात जवळच्या कंपनसंख्येचा क्षीण आवाज कानाला ऐकू येत नाही. या आच्छादनाच्या तत्त्वावर जे ऐकू येणार नाही असे गणिताला वाटते, त्याला कमी बिट दिले जातात किंवा ते वगळले जाते. तत्त्व शास्त्रशुद्ध आहे. परंतु गाळलेला भाग पुन्हा मिळत नाही.

सातशे मेगाबाइटच्या एका सीडीवर नेहमीच्या पद्धतीने ८० मिनिटांचे संगीत बसते; १२८ किलोबिटच्या एमपीथ्री धारिका मात्र सुमारे बारा तासांच्या बसतात. एका सीडीवर दीडशे गाणी मिळत असतील तर ग्राहक आठ-दहा सीडी कशाला घेईल? हे गणित शहरातील दुकानदारापासून गावातील भजनी मंडळापर्यंत सर्वांना पटले. आजही त्यात दोष देण्यासारखे काही नाही. उच्च दराने, उदाहरणार्थ २५६ किलोबिट वा त्याहून अधिक दराने केलेली एमपीथ्री प्रत ऐकण्यासाठी उत्तम असते आणि बहुतेक श्रोत्यांना तिच्यात व मूळ सीडीत फरक सांगता येत नाही. प्रश्न निर्माण झाला तो ऐकण्याची प्रत हीच जतनाची प्रत मानली गेली तेव्हा.

६. परिसरातील वाद्ये : ध्वनिस्वरूपाची कसोटी

या प्रश्नाचे स्वरूप या परिसरातील वाद्यांच्या आधारे अधिक स्पष्ट होते. पहिले वाद्य तंबोरा. मिरजेचा कारागीर घोडीवर दोरा सरकवून 'जवारी' लावतो, तेव्हा तारेतून मूळ स्वराबरोबर स्वयंभू स्वरांची दीर्घ मालिका उमटते. हा नाद संथ व अखंड असल्याने एमपीथ्री पद्धतीला तो एरवी बऱ्यापैकी झेपतो. मात्र गायकाचा आवाज वर चढला की बिटांची टंचाई होते आणि तंबोऱ्याच्या वरच्या स्वयंभू स्वरांत एक प्रकारची थरथर जाणवू लागते.

दुसरा गट आघाताच्या वाद्यांचा : हलगी, ढोलकी, लेझीम. एमपीथ्री पद्धतीत ध्वनीची विभागणी १,१५२ नमुन्यांच्या म्हणजे सुमारे २६ सहस्रांश सेकंदांच्या चौकटींत होते. चौकटीच्या मध्येच हलगीवर टिपरीचा आघात झाला, तर संक्षेपणातील त्रुटी आघाताच्या आधीच्या शांततेतही पसरते आणि प्रत्यक्ष थापेपूर्वी एक पुसट 'पूर्वप्रतिध्वनी' ऐकू येतो. संकेतकात यावर लहान चौकटींची योजना आहे, परंतु कमी दरात तीही अपुरी पडते. ढोलकीच्या थापेतील नेमकेपणा हा लावणीचा प्राण आहे. नेमका तोच बोथट होतो.

तिसरे वाद्य टाळ-झांज. भजनातील टाळेचा झणत्कार उच्च कंपनसंख्यांनी भरलेला असतो. १२८ किलोबिट दराच्या संकेतकांत सामान्यतः १६ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी सरसकट कापला जातो आणि त्याखालीही टाळेचा आवाज वाहत्या पाण्यासारखा खळखळतो. वीस-पंचवीस टाळकऱ्यांचे भजन ही या पद्धतीची सर्वांत कठीण परीक्षा होय.

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. जुन्या तबकडीत पाच-सहा किलोहर्ट्झच्या पुढे काही नसेल, तर १२८ किलोबिटची प्रत पुरेशी का मानू नये? त्याचे उत्तर असे, की जुन्या तबकडीतील खरखर व टकटक हाही संकेतकाच्या दृष्टीने ध्वनीच असतो. अशा अनियमित आवाजावर त्याचे बिट खर्च होतात आणि गायकाच्या वाट्याला कमी येतात. शिवाय भविष्यात अधिक चांगल्या साधनांनी ही खरखर काढायची झाल्यास प्रत्येक ओरखड्याचा मूळ आकार अबाधित असावा लागतो. संक्षेपणाने तो विस्कटला की पुढील दुरुस्तीचा मार्गच बंद होतो.

'नॉइज रिडक्शन'चा अतिरेकही असाच घातक ठरतो. सततचा एकसारखा आवाज म्हणजे गोंगाट, असे मानून ही साधने काम करतात. गायन सुरू होण्यापूर्वीचा, तंबोरा वाजत असलेला भाग 'शांतता' म्हणून निवडला गेला, तर फितीच्या सरसरीबरोबर तंबोराही पुसला जातो. प्रत स्वच्छ वाटते, पण मैफल निराधार होते.

७. सीडी तयार करताना होणारी हानी

सीडी राइट करण्याच्या प्रक्रियेविषयी काही समज प्रचलित होते. त्यांपैकी सर्वांत दूरगामी परिणाम करणारा समज असा, की एमपीथ्री धारिकांपासून ऑडिओ सीडी बनविली की आवाज पुन्हा 'सीडीच्या दर्जाचा' होतो. प्रत्यक्षात एमपीथ्रीचा उलगडा होऊन नमुन्यांची संख्या ४४,१०० होते, धारिकेचा आकार अकरापट वाढतो. परंतु गेलेला ध्वनी परत येत नाही. अशा सीडीवरून पुन्हा एमपीथ्री केली गेल्यास हानीवर हानी साचते. मूळ कॅसेट, तिच्यावरून एमपीथ्री, तिच्यावरून ऑडिओ सीडी, तिच्यावरून पुन्हा एमपीथ्री, अशी नकलांची वंशावळ कोणत्याही वेष्टनावर नमूद नसते. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत 'प्रतीची प्रत' हा जो दोष मानला जातो, त्याचेच हे ध्वनिरूप होय.

अशा प्रतीची परीक्षा काही अंशी करता येते. ध्वनीचा वर्णपट संगणकावर पाहिल्यास १६ किलोहर्ट्झवर भिंतीसारखी सरळ कापणी दिसते. कागदातील जलचिन्हाप्रमाणे ती पूर्वीच्या संक्षेपणाची खूण असू शकते. तथापि केवळ एवढ्या पुराव्यावर निर्णय देऊ नये. मूळ मुद्रण कॅसेटवरचे वा एफएम प्रसारणावरून घेतलेले असेल, तर त्यात तेवढ्या उंचीचा ध्वनी मुळातच नसतो.

दुसरा मुद्दा राइट करण्याच्या वेगाचा. वेग बदलल्याने आवाज गोड वा कर्कश होत नाही, कारण नोंदले जाणारे अंक तेच असतात. मात्र यंत्र व तबकडी यांना न मानवणाऱ्या वेगाने राइट केल्यास वाचनातील चुका वाढतात. ऑडिओ सीडीवर या चुका दुरुस्त करण्याची एकच यंत्रणा असते. तिच्या आवाक्याबाहेरची चूक झाल्यास सीडी प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून जागा भरतो. माहितीच्या सीडीवर प्रत्येक खंडात २,३५२ पैकी २,०४८ बाइटच माहितीसाठी वापरले जातात आणि उरलेल्यांपैकी बहुतांश चुका ओळखण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. म्हणून जतनासाठी ऑडिओ सीडीपेक्षा असंक्षेपित धारिका माहितीच्या स्वरूपात ठेवणे अधिक सुरक्षित होते. २००१ पासून उपलब्ध असलेल्या फ्लॅक या स्वरूपात काहीही न गमावता आकार साधारण निम्म्यापर्यंत आणता येतो. तरीही हा मार्ग त्या काळी फार थोड्यांनी स्वीकारला.

तिसरा मुद्दा खंडाचा. सलग मैफल वा कीर्तन निरनिराळ्या भागांत विभागून राइट करताना, प्रत्येक भाग स्वतंत्रपणे लिहिण्याचा पर्याय निवडल्यास दोन भागांमध्ये दोन सेकंदांची शांतता येते. विलंबित खयालाच्या समेपूर्वी अशी शांतता आली तर तालाचे आवर्तनच खंडित होते.

८. माध्यमाचे आयुष्य

राइट करण्याच्या सीडीत माहिती धातूवर कोरलेली नसते, तर सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लेझरने उमटविलेली असते. ऊन, उष्णता, दमटपणा, चिकटविलेली लेबले आणि लेखणीतील शाई यांनी हा थर व त्यावरील परावर्तक पत्रा खराब होतो. कृष्णाकाठी पुराचा धोका त्याहून मोठा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी कागद आणि फोटो यांच्या बरोबरीने घरातील ध्वनिसंग्रहही नष्ट होतो. परंतु त्याची गणना सहसा कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

आणखी एक विरोधाभास असा, की सुस्थितीतील कॅसेट किंवा तबकडी आजही वाजविता येते, आणि तिच्यावरून केलेली सीडी मात्र कधी कधी वाचताच येत नाही. मूळ वस्तू टाकून न देणाऱ्यांना आज पुन्हा नवे, अधिक चांगले रूपांतर करता येते; 'सीडी केली, आता कॅसेट कशाला?' म्हणून ज्यांनी ती टाकली, त्यांना ते शक्य नाही. परंतु हा अवधीही अमर्याद नाही. युनेस्को व आंतरराष्ट्रीय ध्वनी-दृक्‌श्राव्य अभिलेखागार संघटना यांनी चुंबकीय फितींविषयी दिलेल्या इशाऱ्यानुसार फिती टिकल्या तरी त्या वाजविणारी यंत्रे, सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे कारागीर नाहीसे होत आहेत.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) ध्वनिमुद्रणाची प्रत्येक नक्कल ही स्वतंत्र ऐतिहासिक साधन असून तिची विश्वसनीयता नकलेच्या परंपरेवर अवलंबून असते.

२) सीडीचे मूळ स्वरूप भारतीय संगीताच्या सूक्ष्म स्वरांना बाधक नाही, हानी प्रामुख्याने कमी दराच्या संक्षेपणाने, वेगाच्या दुर्लक्षाने व अतिरेकी स्वच्छतेने झाली.

३) शास्त्रीय गायनापेक्षा लोककला व भजन यांच्या मुद्रणाला ही हानी अधिक पोहोचते, कारण हलगी, ढोलकी व टाळ ही वाद्ये संक्षेपणाला सर्वांत कमी दाद देतात. ज्या कलांची व्यापारी मुद्रणे थोडी आहेत, त्यांच्याच घरगुती मुद्रणांची अशी दुरवस्था होणे अधिक गंभीर आहे.

४) मूळ तबकडी वा ध्वनिफीत टाकून देणे हे अंकीय रूपांतराचे अपरिहार्य अंग नाही.

शिफारशी

१) महाविद्यालयांच्या संगीत, मराठी व इतिहास विभागांनी ग्रंथालयाच्या साहाय्याने परिसरातील घरगुती ध्वनिफितींची सूची करावी. सूचीत मुद्रणाचे स्थळ, काळ, कलावंत, मूळ माध्यम आणि नकलेचा मार्ग यांची नोंद असावी.

२) जतनासाठीचे रूपांतर २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ या दर्जाने, किमानपक्षी २४ बिट व ४८ किलोहर्ट्झने, कोणतेही संक्षेपण व स्वच्छता न करता करावे. अभिलेखागार संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हाच दर्जा सांगितला आहे. ऐकण्यासाठी त्यावरून वेगळी एमपीथ्री प्रत काढावी.

३) किमान दोन प्रती भिन्न माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक पूरक्षेत्राबाहेर ठेवावी. साताऱ्यातील महाविद्यालयाने सांगलीची आणि सांगलीतील महाविद्यालयाने साताऱ्याची प्रत सांभाळणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

४) कायदेशीर बाजू तपासावी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शब्द व संगीतरचनेचे हक्क वेगळे असतात. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास, मूळ अंकेतर प्रत स्वतःजवळ असल्यास, जतनासाठी अंकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. घरगुती मुद्रणांबाबत कलावंत वा त्यांच्या वारसांची लेखी संमती घेणे श्रेयस्कर.

समारोप

मिरजेचा कारागीर जवारी लावताना कानाने जे ऐकतो, ते वर्णनात पकडता येत नाही. ते शिष्याला शेजारी बसवूनच द्यावे लागते. मुद्रित ध्वनीने ही अट काही प्रमाणात शिथिल केली आणि जो कधी भेटला नाही त्या कलावंताच्या शेजारी आपल्याला बसविले. बालगंधर्वांची पदे ऐकणारा आजचा विद्यार्थी तबकडीच्या मर्यादा ओळखूनच ती ऐकतो. परंतु एखाद्या खेड्यातील भजनी मंडळाची मुद्रित प्रत ऐकणाऱ्या उद्याच्या विद्यार्थ्याला, त्यातील टाळ मुळातच असे खळखळत होते की नकलेत तसे झाले, हे कोण सांगणार? ते सांगणारी नोंद आज करणे शक्य आहे, कारण ज्यांनी या कॅसेटी भरल्या आणि ज्यांनी त्या सीडीवर उतरविल्या, त्यांपैकी अनेक मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्याकडून माहिती घेण्याचे हे काम प्रयोगशाळेच्या आधी सुरू होऊ शकते, आणि त्यासाठी वही व पेन्सिल पुरेशी आहे.